रेशमी दाढीच्या राजाचे डब्लिन

आयर्लंडच्या मध्ययुगीन इतिहासात ब्रायन बोरू या राजाचे नाव सर्वांत मोठे मानले जाते. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, क्लॉन्टार्फ येथे त्याने व्हायकिंगांचा पराभव करून देश मोकळा केला, ही कथा तिथे पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. या कथेत डब्लिनचा व्हायकिंग राजा सिट्रिक याच्या वाट्याला फारच थोडी जागा येते; लढाई चालू असताना तो शहराच्या तटावर उभा राहून पाहत होता, एवढेच त्याच्याविषयी सांगितले जाते. मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ब्रायन ठार झाला होता, त्याचा मुलगा आणि कोवळ्या वयाचा नातू ठार झाले होते, सिट्रिकचा सख्खा मामा मेल मोरडा ठार झाला होता आणि त्याच्या मदतीला आलेला, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा अर्ल (सरदार) सिगुर्डही ठार झाला होता. सिट्रिक जिवंत राहिला, गादीवर राहिला आणि पुढे आणखी २२ वर्षे त्याने राज्य केले. ९८९ च्या सुमारास सत्तेवर आलेला हा राजा, मधला दोनेक वर्षांचा खंड सोडला तर, १०३६ पर्यंत डब्लिनमध्ये टिकून होता.

त्याच्याविषयी आपल्याला जे कळते, ते जवळजवळ सगळे परक्यांच्या किंवा विरोधकांच्या लेखणीतून आलेले आहे. मठांमध्ये संन्याशांनी लिहून ठेवलेल्या सालवार नोंदी, ब्रायनच्या पणतूच्या आश्रयाने बाराव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेलेली एक बखर आणि आइसलंडमध्ये तेराव्या शतकात रचलेली एक सागा (गद्य वीरकथा), ही त्यांतली प्रमुख साधने होत. या सगळ्यांच्या पलीकडे सिट्रिकने स्वतः मागे काय ठेवले, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. माझी भाची डब्लिनमध्ये नोकरी करते. तिच्याकडे उन्हाळ्यात जाण्याचा योग आला आणि ती इच्छा पूर्ण झाली.

मंगळवार : काळ्या डोहापासून वुड कीपर्यंत

डब्लिन कॅसलच्या मागे हिरवळीचे एक वर्तुळाकार उद्यान आहे. दुपारी कचेऱ्यांतली माणसे तिथे डबा खायला येतात. या हिरवळीच्या जागी एके काळी पॉडल नदीचा गडद पाण्याचा डोह होता आणि त्या डोहावरूनच शहराला नाव मिळाले. ८४१ मध्ये व्हायकिंगांनी या परिसरात जहाजे ओढून ठेवण्यासाठी तटबंदीचा तळ उभारला. पॉडल अजून वाहते, पण ती आता पूर्णपणे जमिनीखालून जाते आणि लिफी नदीच्या धक्क्याच्या भिंतीतील एका कमानीतून बाहेर पडते. शहराचा जन्म जिच्या काठी झाला, ती नदी शोधायला भिंतीवरून वाकून पाहावे लागते, याचे मला वाईट वाटले.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांत आम्ही फिशॅम्बल स्ट्रीटवर आलो. हा रस्ता नदीकडे उतरताना वळण घेतो आणि हे वळण दहाव्या शतकापासूनचे आहे, असे उत्खननातून दिसून आले आहे. १९७४ ते १९८१ या काळात वुड की आणि फिशॅम्बल स्ट्रीट येथे राष्ट्रीय संग्रहालयाने केलेल्या उत्खननात शंभराहून अधिक घरांचे अवशेष सापडले. ओलसर, हवाबंद मातीमुळे लाकूड, चामडे, काटक्या, शेवाळ, इतकेच नव्हे तर फळांच्या बियासुद्धा टिकून राहिल्या होत्या. ही घरे कोकणातल्या कुडाच्या घरांच्या फार जवळची होती: जमिनीत रोवलेले खुंट, त्यांत विणलेल्या हेझल आणि ॲशच्या लवचिक काठ्या, गोलसर कोपरे, छताचा भार पेलणारे चार खांब, मधोमध दगडांनी बांधलेली चूल आणि दोन्ही बाजूंना बसण्या-झोपण्यासाठी उंच केलेले ओटे. घर पडले किंवा जळाले की त्याच जागी नवे बांधले जाई, आणि पिढ्या उलटल्या तरी शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या कुंपणाच्या रेषा सहसा बदलत नसत. ज्या वस्तीत जमिनीच्या तुकड्यांची मालकी इतकी पक्की असते, तिला लुटारूंचा तळ म्हणणे मला पटत नाही. ते कायदा पाळणारे, कर भरणारे शहर होते.

या तुकड्यांचा उल्लेख सिट्रिकच्या आयुष्यातही येतो. ९८९ मध्ये डब्लिनचा राजा ग्लूनिआर्न, म्हणजे सिट्रिकचा सावत्र भाऊ, मारला गेला आणि आयरिश राजा मेल शेखनल याने लगेच शहराला वेढा घातला. वेढा वीस रात्री चालला आणि आतल्या लोकांना खाऱ्या पाण्याखेरीज प्यायला काही उरले नाही, असे सालवार नोंदींत म्हटले आहे. शहर शरण आले तेव्हा प्रत्येक घरामागच्या आवाराला दर नाताळच्या आदल्या रात्री एक औंस सोने असा कर लावण्यात आला. याच काळात तरुण सिट्रिक राजा झाला. त्याला गादीबरोबर मिळाले ते उपाशी शहर आणि डोक्यावर सोन्यातली खंडणी.

उतारावरून खाली आलो की समोर महापालिकेच्या कचेऱ्यांच्या इमारती दिसतात. ही जागा म्हणजे वुड की. इथले उत्खनन चालू असतानाच त्यावर या इमारती बांधण्याचा निर्णय झाला आणि शहरात मोठे आंदोलन उभे राहिले. सप्टेंबर १९७८ मध्ये सुमारे २०,००० माणसे मोर्चाने रस्त्यावर आली. आंदोलनाचे नेतृत्व ऑगस्टिनियन संन्यासी आणि मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक एफ. एक्स. मार्टिन यांनी केले. जून १९७९ मध्ये लेखक, कलावंत आणि नगरसेवकांनी उत्खननाची जागाच ताब्यात घेऊन तिथे ठाण मांडले आणि या मोहिमेला त्यांनी नाव दिले ‘ऑपरेशन सिट्रिक’. साडेनऊशे वर्षांनंतर शहर वाचवायला निघालेल्या आयरिश माणसांना ब्रायनचे नव्हे, तर या परक्या मानल्या गेलेल्या राजाचे नाव घ्यावेसे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इमारती शेवटी झाल्याच. जुन्या दगडी तटाचा एक तुकडा मात्र तळघरातील सभागृहात जपून ठेवला आहे.

आम्ही तो तट पाहिला. उंच, ओबडधोबड दगडांची ही भिंत सन ११०० च्या सुमाराची आहे. म्हणजे सिट्रिकच्या काळात ती नव्हती. त्याच्या वेळचा तट या भिंतीच्या आतल्या बाजूस होता आणि तो मातीचा होता. चिखल, दगडगोटे आणि काटक्यांची विण यांचे थर देऊन उंच केलेला बांध आणि त्यावर लाकडी मेढेकोट, असे त्याचे स्वरूप उत्खननात दिसले. क्लॉन्टार्फच्या दिवशी राजा ज्या तटावर उभा होता, तो हा असा होता. चित्रांतून आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून दिसणारे दगडी बुरूज मनातून काढून टाकायला तो दुपारचा अर्धा तास मला उपयोगी पडला.

बुधवार : संग्रहालयातले नाणे

किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. तिकडे जाताना सफोक स्ट्रीटवरून गेलो. व्हायकिंगांच्या लोकसभेची टेकडी याच भागात होती आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ती खणून सपाट करण्यात आली. आज तिथे पाहण्यासारखे काही नाही.

संग्रहालयात मात्र सबंध दिवस गेला. वरच्या मजल्यावर व्हायकिंग काळाचे दालन आहे. तलवारी आणि परशू पाहायला गर्दी असते, पण मला खिळवून ठेवले ते शहरी जीवनातल्या साध्या वस्तूंनी: हाडांचे आणि शिंगाचे कंगवे, बाल्टिकहून आणलेल्या अंबरचे तुकडे, तागड्या आणि शिशाची वजने. डब्लिनमध्ये सापडलेल्या वजनांचे प्रमाण सुमारे २६.६ ग्रॅमच्या एककाशी जुळते, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. उत्खननात रेशमी आणि लोकरी डोईवस्त्रेही मिळाली. हे रेशीम पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूने, हातोहात विकले जात, इथवर पोहोचले होते. ज्या शहरात असे रेशीम येत होते, त्या शहराच्या राजाला सागाकारांनी ‘रेशमी दाढीचा’ म्हणावे, यात नवल नाही.

आणि मग ते नाणे. सुमारे २० मिलिमीटर व्यासाची चांदीची पातळ चकती. एका बाजूला राजाचा डावीकडे वळलेला चेहरा, दुसऱ्या बाजूला क्रूस. कडेने लॅटिन अक्षरांत लिहिले आहे की सिट्रिक हा डब्लिनचा राजा आहे. ९९७ च्या सुमारास पाडलेली ही पेनी म्हणजे आयर्लंडच्या भूमीवर पाडलेले पहिले नाणे. त्याचा नमुना इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या नाण्यावरून जसाच्या तसा घेतलेला आहे. चेहऱ्याची ठेवणसुद्धा त्याचीच आहे. याचे कारण सरळ आहे. डब्लिनचा व्यापार चेस्टर आणि ब्रिस्टलशी चालत असे, तिथल्या व्यापाऱ्यांच्या हाताला एथेलरेडच्या पेनीची सवय होती, आणि ओळखीचे दिसणारे नाणे बाजारात विनातक्रार चालते.

त्याच वर्षी, ९९७ मध्ये, ब्रायन आणि मेल शेखनल या दोन बलाढ्य राजांनी आयर्लंडची आपसात वाटणी केली आणि त्या वाटणीत डब्लिन ब्रायनच्या वाट्याला गेले. शहराचे ओलीस एका राजाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात आले. आपले शहर कोणाच्या हिश्शाचे, याचा निर्णय आपल्याला न विचारता होत असताना सिट्रिकने आपल्या नावाची टाकसाळ सुरू केली. कोणत्याही संन्याशाने किंवा बखरकाराने मध्ये न पडता सिट्रिकचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचते, असे हे एकच वाक्य आहे. काचेसमोर उभा राहून मी ते कितीदा वाचले असेल!

याच दालनात फिरताना या समृद्धीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. डब्लिन हा गुलामांच्या व्यापाराचा मोठा बाजार होता. रेशीम, वाइन आणि चांदी यांच्या मोबदल्यात इथून लोकर आणि कातडी तर जातच, पण आयर्लंड आणि ब्रिटनच्या खेड्यांतून पकडून आणलेली माणसेही जात. ९८० मध्ये मेल शेखनलने डब्लिनला नमवून तिथले आयरिश गुलाम सोडवले, तेव्हा त्या दास्याची तुलना नोंदकाराने बायबलमधील ज्यूंच्या बॅबिलोनच्या बंदिवासाशी केली होती. नाण्यावरची चांदी कुठून आली, हे विचारताना ही गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही.

गुरुवार : क्लॉन्टार्फचा किनारा

शहरातून उपनगरी गाडीने क्लॉन्टार्फ रोड स्थानकावर उतरले की समोरच समुद्र लागतो. किनाऱ्याने लांबच लांब फिरण्याची वाट आहे. भाचीने सुट्टी घेतली होती आणि आम्ही टोल्का नदीच्या मुखापासून चालायला सुरुवात केली. आज दिसणारा किनारा १०१४ चा नाही. समोरचे बुल आयलंड हे वाळूचे बेट तर एकोणिसाव्या शतकात बंदरासाठी लांब भिंत बांधल्यानंतर साठलेल्या गाळातून तयार झाले आहे. लढाई नेमकी कोणत्या शेतात झाली हे दाखवणारा कोणताही अवशेष नाही. तरीही एक गोष्ट अजून तशीच आहे, आणि ती म्हणजे भरती-ओहोटी.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि पाणी इतके दूर गेले होते की ओल्या पुळणीवर माणसे कुत्र्यांना घेऊन फिरत होती. दोन-तीन तासांत तीच पुळण पाहता पाहता पाण्याखाली गेली. पाणी लाटांनी येत नव्हते. ओघळांतून, खाचांतून, मागून आणि बाजूने शिरत होते. उभी जागा बेट कशी होते, ते कळायच्या आत होते. बखरीत म्हटले आहे की त्या दिवशी सूर्योदयाला पूर्ण भरती होती, जहाजांतून उतरलेले सैन्य दिवसभर लढले, आणि संध्याकाळी भरती पुन्हा आली तेव्हा जहाजे वाहून दूर गेली होती आणि पळणाऱ्यांना समुद्र आणि तलवार यांच्याखेरीज काही उरले नव्हते. एकोणिसाव्या शतकात ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक सॅम्युएल हॉटन यांनी गणित करून दाखवले की २३ एप्रिल १०१४ रोजी इथे पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी ५ वाजून ५५ मिनिटांनी भरती होती. बखर पक्षपाती असली तरी भरतीच्या बाबतीत तिने खरे सांगितले होते. ब्रायनचा पंधरा वर्षांचा नातू टॉरलख पळणाऱ्यांच्या मागे पाण्यात शिरला आणि मासेमारीच्या बांधापाशी बुडून मेला. ओळखीच्या ओहोटीसमोर उभे राहिले की हा मृत्यू फार जवळचा वाटू लागतो.

आता लढाईत कोण कोणाविरुद्ध होते, ते पाहू. सिट्रिकची आई गॉर्मला ही आयर्लंडच्या पूर्वेकडील लेन्स्टर प्रांताच्या आयरिश राजघराण्यातली. सिट्रिकचे वडील ओलाफ क्वारान यांच्या पश्चात तिचा ब्रायनशी विवाह झाला होता, म्हणजे ब्रायन हा सिट्रिकचा सावत्र बाप. सिट्रिकची बायको स्लॉन्या ही ब्रायनची मुलगी, म्हणजे तोच ब्रायन त्याचा सासराही. लेन्स्टरचा राजा मेल मोरडा हा त्याचा मामा, आणि बंडाची सुरुवात या मामानेच केली होती. ब्रायनच्या बाजूनेही व्हायकिंग लढले आणि सिट्रिकच्या बाजूने लढणाऱ्यांत आयरिश सैनिक पुष्कळ होते. मी हे नातेसंबंध चालता चालता सांगितले, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, म्हणजे ही सोयरिकीतली भाऊबंदकीच झाली की!” मला ते अगदी योग्य वाटले. आयरिश विरुद्ध परके असे चित्र नंतरच्या पिढ्यांनी रंगवले.

या सोयरिकीची सुरुवातही पराभवातून झाली होती. ३० डिसेंबर ९९९ रोजी ग्लेनमामा येथे ब्रायन आणि मेल शेखनल यांनी लेन्स्टर आणि डब्लिनच्या एकत्रित सैन्याला हरवले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ब्रायन शहरात शिरला, किल्ला लुटला आणि व्हायकिंगांच्या थॉर देवाचे राखीव वन जाळले. सिट्रिक उत्तरेकडे पळाला, पण कोणीही आसरा दिला नाही. शेवटी तो परत आला, ओलीस दिले आणि ब्रायनच्या मुलीशी विवाह करून त्याच शहराचा राजा म्हणून पुन्हा बसला. १०१३ च्या शरदापासून नाताळपर्यंत ब्रायनने पुन्हा वेढा दिला, पण रसद संपल्यामुळे त्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वसंतात तो परत येणार हे उघड होते, म्हणून सिट्रिकने समुद्रापलीकडून मदत मिळवली. ऑर्कनीचा सिगुर्ड आणि मॅन बेटाचा ब्रोडिर या दोघांनाही त्याने आपल्या आईचा हात आणि डब्लिनचे राज्य देऊ केले, असे आइसलंडची सागा सांगते.

तटावरची प्रसिद्ध हकीकत बखरीतली आहे. सकाळी सिट्रिक बायकोला म्हणतो की आपले लोक पीक कापावे तसे शत्रूला कापत आहेत. ती म्हणते, संध्याकाळी काय ते दिसेल. संध्याकाळी तिच्या माहेरची माणसे जिंकताना दिसतात, ती नवऱ्याला टोमणा मारते, आणि तो तिला इतक्या जोरात मारतो की तिचा दात पडतो. ही कथा ब्रायनच्या पणतूच्या दरबारासाठी, घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिली गेली. तिच्यात मुलगी बापाच्या बाजूने बोलते आणि जावई खलनायक ठरतो, हे त्या दरबाराला हवेच होते. म्हणून मी तिला साक्ष मानत नाही. पण तो बाहेर पडला नाही, हे खरे असावे, आणि त्याचे कारण भित्रेपणा होते असे मला वाटत नाही. शहर सांभाळायला आत कोणी तरी राजा असणे आवश्यक होते. विजयी सैन्य संध्याकाळी नेत्यावाचून उरले, ते शहर न घेताच परत गेले, आणि मातीचा तो बांध अभंग राहिला.

शुक्रवार : तारा आणि केल्स

बसने मीथ परगण्यात गेलो. ताराची टेकडी फार उंच नाही, पण भोवतालचा प्रदेश इतका सपाट आहे की चहूकडे दूरवर हिरवी शेते दिसतात. ९८० मध्ये याच ठिकाणी मेल शेखनलने डब्लिनच्या सैन्याचा मोड केला आणि ओलाफ क्वारानचा एक मुलगा इथे पडला. म्हातारा ओलाफ गादी सोडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरील संत कोलंबाच्या मठात गेला आणि वर्षभरातच, ९८१ मध्ये, तिथे पश्चात्तापात वारला. सिट्रिकने पुढे चर्च बांधले, त्याचे मूळ इथे आहे, असे मला वाटते.

पण या दिवसाचा मुख्य मुक्काम केल्स हा होता, आणि तिथे माझे मन अस्वस्थ झाले. नवव्या शतकाच्या आरंभी आयोनाच्याच संन्याशांनी व्हायकिंगांच्या हल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून केल्सचा मठ वाढवला. तिथला गोल मनोरा, कोरीव दगडी क्रूस आणि उभ्या चढणीच्या दगडी छपराचे छोटे प्रार्थनाघर आजही उभे आहे. १०१९ मध्ये सिट्रिकने हा मठ लुटला. अगणित लूट आणि कैदी नेले आणि चर्चच्या आत माणसे मारली, असे नोंदींत आहे. ज्या संताच्या आश्रयाला जाऊन त्याचा बाप मेला, त्याच संताचा हा मठ. याच्या आदल्याच वर्षी त्याने आपला मामेभाऊ ब्रान याला डब्लिनमध्ये पकडून आंधळे केले होते. ब्रानचा लेन्स्टरच्या गादीवरचा हक्क त्याने या मार्गाने संपवला. ब्रान पुढे जर्मनीतील कोलोन येथे संन्याशांमध्ये वारला. १०३१ मध्ये, म्हणजे सिट्रिक रोमची यात्रा करून आल्यानंतर, डब्लिनच्या लोकांनी केल्सपासून फार दूर नसलेल्या आर्डब्रॅकन येथील दगडी चर्चमध्ये २०० माणसे जाळली आणि २०० कैद करून नेली. मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून हे सगळे आठवताना, सिट्रिकची बाजू घेऊन बोलण्याची माझी तयारी कमी झाली, हे मी लपवणार नाही. त्याने शहर राखले आणि त्या शहराचा खर्च पुष्कळदा अशा ठिकाणांनी दिला, या दोन्ही गोष्टी एकत्रच लिहिल्या पाहिजेत.

शनिवार : ख्राइस्ट चर्च

१०२८ मध्ये सिट्रिक डब्लिनच्या उत्तरेकडील ब्रेगा राज्याचा राजा फ्लॅनगन याच्याबरोबर रोमला गेला. परत आल्यावर त्याने शहरातल्या उंचवट्यावर चर्चसाठी जागा दिली आणि डूनान हा डब्लिनचा पहिला बिशप झाला. बाल्डॉइल, राहीनी आणि पोर्ट्रेन येथील जमिनी, त्यांवरची कुळे, गुरे आणि धान्य यांसह त्याने चर्चला दिल्या, अशी परंपरा आहे. राहीनी हे आज उपनगरी गाडीचे स्थानक आहे.

आताचे ख्राइस्ट चर्च कॅथेड्रल सिट्रिकचे नव्हे. नॉर्मन लोकांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस ते नव्याने बांधले आणि १८७० च्या दशकात दारूच्या एका कारखानदाराच्या देणगीतून त्याचा मोठा जीर्णोद्धार झाला. खालचे तळघर मात्र बाराव्या शतकातले असून ६० मीटरहून अधिक लांब आहे. खडबडीत दगडी खांबांची दाट रांग संपतच नाही असे वाटते. सिट्रिकच्या पहिल्या चर्चचा एकही दगड किंवा फळी इथे ओळखता येत नाही, परंतु त्याने निवडलेली जागा जवळजवळ हजार वर्षे चर्चकडे राहिली. वर येऊन दारात उभे राहिले की खाली वुड की आणि पलीकडे लिफी दिसते. घरांची, धक्क्याची आणि तटाची रचना मनात जुळू लागते. राजाने जागा निवडताना तीच रचना डोळ्यांपुढे ठेवली असावी.

त्याची अखेरची वर्षे सोपी नव्हती. १०२९ मध्ये त्याचा मुलगा ओलाफ ब्रेगाच्या राजाच्या हाती सापडला आणि सुटकेसाठी द्यावी लागलेली खंडणी नोंदींत तपशीलवार दिली आहे: १,२०० गाई, १२० वेल्श घोडे, ६० औंस सोने, ६० औंस शुद्ध चांदी, कार्लसची तलवार आणि शिवाय ओलीस. ही तलवार डब्लिनच्या राजांचे मानचिन्ह होती. ९९५ मध्ये मेल शेखनलने ती एकदा नेली होती आणि ती पुन्हा मिळवलेली असताना पुन्हा द्यावी लागली. वेल्श घोड्यांच्या आकड्यावरून समुद्रापलीकडे सिट्रिकचा हात किती पोहोचत होता ते दिसते. इतके देऊन सोडवलेला हा मुलगा १०३४ मध्ये रोमला जाताना इंग्लंडमध्ये मारला गेला. १०३५ मध्ये सिट्रिकने वॉटरफर्डच्या राजाला डब्लिनमध्ये ठार केले आणि १०३६ मध्ये एखमार्काख नावाच्या प्रतिस्पर्ध्याने त्याला हाकलून दिले. तो समुद्रापलीकडे गेला आणि १०४२ मध्ये परदेशातच वारला. त्याची एक मुलगी आयर्लंडमध्ये संन्यासिनी झाली होती. तीही त्याच वर्षी वारली.

रविवार : ग्लेंडालॉख

सेंट स्टीफन्स ग्रीनजवळून सुटणारी बस विकलो डोंगरांतील ग्लेंडालॉखला नेते. दोन तळी, सुमारे ३० मीटर उंचीचा गोल मनोरा आणि ओकच्या झाडांनी भरलेले उतार यांसाठी इथे गर्दी लोटते. मी आलो होतो ते ओकसाठी. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड खाडीच्या तळातून १९६२ मध्ये पाच जहाजे उकरून काढण्यात आली. सन १०७० च्या सुमारास शत्रूचा मार्ग अडवण्यासाठी ती मुद्दाम बुडवलेली होती. त्यांतले सर्वांत लांब युद्धजहाज, सुमारे ३० मीटर लांबीचे आणि साठ वल्ह्यांचे, कुठे बांधले होते हे त्याच्या फळ्यांमधील वर्षवलयांनी सांगितले: लाकूड डब्लिनच्या परिसरातले, बहुधा याच डोंगरांतले, आणि तोडलेले १०४२ मध्ये. सिट्रिक त्याच वर्षी वारला आणि तेव्हा डब्लिनवर ईवार हा राजा होता, पण असे जहाज बांधणारे सुतार, लोहार, दोर वळणारे आणि पाल विणणारे एका रात्रीत तयार होत नाहीत. ते लोक सिट्रिकच्या शहरात वाढले होते आणि शिकले होते.

या जहाजाची प्रतिकृती डॅनिश लोकांनी जुन्याच हत्यारांनी बांधली, तिला ग्लेंडालॉखचे नाव दिले आणि २००७ च्या उन्हाळ्यात साठेक जणांच्या ताफ्याने ती रॉस्किल्डहून स्कॉटलंडच्या उत्तरेला वळसा घालून डब्लिनला आणली. प्रवासाला सहा आठवडे लागले. उत्तर समुद्रात वारा पडल्यामुळे काही अंतर तिला दुसऱ्या जहाजाला बांधून ओढत न्यावे लागले. सागा म्हणते की सिट्रिकने ऑर्कनी आणि मॅनच्या सैन्याला पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, १८ एप्रिल १०१४ रोजी, डब्लिनला पोहोचायला सांगितले होते. हवामानाचे अंदाज नसताना, वल्ही आणि लोकरीच्या पालांच्या भरवशावर, त्या समुद्रातून ती जहाजे पवित्र आठवड्याच्या आत येऊन पोहोचली होती.